हे घर विकाऊ नाही

कोर्टात तीस वर्षं नोटिसा लिहिल्या मी. ‘आदेशाचा भंग करणारा शिक्षेस पात्र राहील’ असलं सरकारी इंग्रजी माझ्या हातचं वाचून भलेभले चळचळा कापायचे. त्यामुळे आमच्या बेनिन शहरात, दुसऱ्याचं घर परस्पर विकणाऱ्यांच्या धास्तीनं भिंतीभिंतीवर रंगवलेलं ‘हे घर विकाऊ नाही, भामट्यांपासून सावध’ मला पोरकटच वाटे. तरी घर बांधल्यापासून तेच आमच्याही भिंतीवर होतं.

शनिवारी ओग्बेइदे मंडळी आमच्या लेकीला, इतोहानला मागणी घालायला येणार होती. मुलगा तिनंच पसंत केलेला. आठवडाभर मला चैन नव्हतं. व्याह्यांनी भिंत वाचली आणि घराचा वाद असावा, भावाभावांत जुंपली असावी, असं त्यांना वाटलं तर?

“पुसूनच टाकतो,” मी म्हणालो.

“अहो, मी काही बोलत नाही,” बायको म्हणाली.

आमच्या रोजच्या इंग्रजीत याहून कडक ताकीद नाही. पण मी पडलो नोटिसांचा माणूस. माझं लक्षच गेलं नाही.

शुक्रवारी मंडे रंगाऱ्यानं भिंत पांढरी केली. “साहेब, कोरी भिंत बरी नव्हे,” तो पुटपुटला.

“तू रंगव!”

शनिवारी सकाळीच एक दलाल गिऱ्हाईक घेऊन हजर. “भावांशी मिटलं वाटतं? किंमत काय धरलीय?”

“मला भाऊच नाही हो!”

त्याला कटवतो तोच दुसरा आला. तिसऱ्याचं गिऱ्हाईक बैठकीच्या खोलीत टेपनं भिंतींची मापं घेत होतं, तेवढ्यात व्याही दारात!

ओग्बेइदे बसले, पण पाहुण्यांचा मान म्हणून समोर ठेवलेल्या कोला फळाला हात लावीनात. “येताना सगळ्या भिंती वाचत आलो,” ते म्हणाले. “तुमचीच तेवढी कोरी. घर विकलंत, की मुळात भाड्याचंच?”

स्वयंपाकघराच्या दारात इतोहान उभी होती. तिचे भरलेले डोळे मला दिसले. मी तसाच धावत जाऊन मंडेला ओढून आणलं.

“लिही, सदर मिळकतीच्या खरेदी-विक्रीबाबत कोणीही इसम...”

“एवढं वाचणार कोण?” ओग्बेइदे उठून बाहेर आले. “लिही रे, हे घर विकाऊ नाही. आणि खाली, हुकमावरून.”

लाल अक्षरं वाळायच्या आत होकाराचा कोला फोडून वाटला गेला आणि लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी बायकोला हळूच विचारलं, “हुकमावरून म्हणजे, कोणाच्या गं?”

“मी काही बोलत नाही,” ती म्हणाली.

या वेळी मात्र मला नीट ऐकू आलं.