दाजींच्या दुर्बिणीचा दोष

"यंदाचो कप आपलोच. कपाटात जागा करून ठेव," असं दाजींनी सावित्रीबाईंना गणपतीच्या आधीच सांगून टाकलं होतं. स्पर्धा होती थंडीत. पण दाजी फौजेतले निवृत्त हवालदार, आणि विजयाची तयारी शत्रू दिसण्यापूर्वी करायची ही त्यांची शिस्त. सावित्रीबाईंनी काजूची बरणी हलवली आणि जागा केली. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा बरणी हलवणं सोपं, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

ही स्पर्धा जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची. तीनशे मीटरवरच्या कागदावर रायफलने नेम धरायचा. खेळायचं जोडीने. एकाने गोळी झाडायची, दुसऱ्याने बाजूला बसून तिकाटण्यावरच्या मोठ्या टेलिस्कोपमधून गोळी कुठे पडली ते सांगायचं. दाजींचा जोडीदार कायतान. दोघे एकाच पलटणीत होते, आता एकाच वाडीत. मालवणपासून थोडं आत, पाणंदीच्या अलीकडे दाजींचं घर आणि पलीकडे कायतानचं. दाजींनी नेम धरावा आणि कायतानने "डावीकडे पडली रे, दोन बोटां" असं सांगावं, हे इतकी वर्षं चाललं होतं की कायतान नुसता खाकरला तरी गोळी कुठे गेली ते दाजींना कळायचं.

यंदा दाजींची नजर जरा मऊ पडली होती, म्हणून त्यांनी रायफलवर नवी दुर्बीण बसवून घेतली. वस्तू झकास. तीनशे मीटरवरचं काळं वर्तुळ अगदी ओटीवर आणून ठेवल्यासारखं दिसे. तिच्या डोक्यावर एक चकती आणि बाजूला एक. वरची फिरवली की गोळी वर-खाली सरकणार, बाजूची फिरवली की डावी-उजवीकडे. एक टिक वाजली की तीनशे मीटरवर बोटभर फरक. गोळी डावीकडे पडली तर तेवढ्या टिका उजवीकडे. ह्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

आणि पहिल्याच सरावात सगळं चुकलं.

"वीतभर डावीकडे," कायतान म्हणाला. दाजींनी वीतभर उजवीकडे फिरवलं. पुढची गोळी दोन विती दूर गेली. मग कागदाच्या कडेला. मग कागदावर गोळीच नाही. ती मागच्या मातीच्या बांधात शिरली आणि तिथे चरणारा एक बगळा नाराज होऊन उठून गेला.

दाजींना संशय आला तो स्क्रूंचा. खाऱ्या हवेने गंजले असतील म्हणून त्यांनी दुर्बीण उतरवली, सगळे स्क्रू बदलले, पुन्हा बसवली. फरक नाही. मग काडतुसं बदलली. मग वाऱ्याला दोष दिला. मग वाटलं, श्वास बरोबर सुटत नाही, तेव्हा रात्रीची उसळ बंद केली. उसळ बंद झाल्यावर सावित्रीबाईंना तेवढी विश्रांती मिळाली, नेमात मात्र काडीचा फरक पडला नाही. कागदावर गोळ्या अशा विखुरत होत्या, जशी अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं. एखाद्या दिवशी अचानक सगळं जुळे आणि दाजी खूश होत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गत.

शेवटी दाजी कायतानवर घसरले. दुर्बीण बसवताना रायफल धरली होती कायतानने, तेव्हा ती वाकडी धरली असणार. कायतान उठला. टेलिस्कोपवर टोपण लावलं, तिकाटणं मिटलं आणि घरी गेला. एरवी तो चार शिव्या देऊन गेला असता. त्या न दिलेल्या शिव्यांनी दाजींना रात्रभर टोचलं.

पुढच्या रविवारी कायतान चर्चला गेलेला असताना दाजी एकटेच रेंजवर गेले. दुर्बिणीची एकदाची परीक्षा घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवली. एक गोळी झाडली. मग चकत्या मोजून फिरवल्या, वर, उजवीकडे, खाली, पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक वळणावर एकेक गोळी. दुर्बीण खरी असेल तर कागदावर चौकोन उमटायला हवा आणि शेवटची गोळी पहिलीच्या भोकाशी परत यायला हवी. शेजारी सांगणारा कोणी नव्हता म्हणून दाजी स्वतः उन्हातून चालत कागदापर्यंत गेले.

चौकोन असा उमटला होता, जणू पट्टी घेऊन आखलेला. शेवटची गोळी पहिलीला चिकटून होती.

दाजींना आनंद झाला, आणि तो परत फिरेपर्यंतसुद्धा टिकला नाही. दुर्बीण खरी. स्क्रू खरे. काडतुसं, वारा, उसळ, सगळं निर्दोष. मग उरलं कोण? डावीकडे पडलेल्या गोळीला जो उजवीकडे म्हणतो, तो. रोज नाही, पण बहुतेक दिवशी. दाजी तिथेच कातळावर बसले. गेल्या महिन्यात कायतान त्यांच्याकडून निघाला आणि पाणंदीत स्वतःच्या घराच्या उलट दिशेला वळला होता. तेव्हा दोघेही हसले होते.

हे कोणाला सांगायचं? कायतानला सांगावं तर त्याच्याकडे ह्या स्पर्धेशिवाय दुसरं काय होतं? मुलगा मेल्रॉय आखातात. त्याच्या बायकोला, एस्पेरांसाला, सांगावं तर ती रडत बसेल. दाजींनी ठरवलं की कोणाला काही सांगायचं नाही. कायतान जे सांगेल ते मनात उलटं करायचं. डावं म्हणाला की उजवं समजायचं. त्यांनी कायतानची माफी मागितली आणि सरावाला बोलावलं. त्या दिवसांत कायतान बहुतेक वेळा चुकतच होता, त्यामुळे दाजींची युक्ती उत्तम लागू पडली. नेम बसू लागला. स्वतःच्या हुशारीवर दाजी इतके खूश झाले की आपण कशावर खूश होतो आहोत हेही ते विसरले.

स्पर्धेच्या दिवशी शेजारच्या जागेवर दोडामार्गचे परशुराम सुभेदार होते. ह्या गृहस्थांनी गेल्या तीन स्पर्धांत दाजींकडून मार खाल्ला होता आणि यंदा ते नवीन टोपी घालून आले होते. दाजींनी त्यांना पोट भरून उपदेश केला. मग आडवे झाले, दस्ता खांद्याला लावला आणि पहिली गोळी झाडली.

"वीतभर डावीकडे," कायतान म्हणाला.

म्हणजे उजवीकडे, असं दाजी मनात म्हणाले. त्यांनी चकती डावीकडे फिरवली.

"दोन विती डावीकडे."

दाजींनी आणखी डावीकडे फिरवली.

"दाजी, कागदाच्या कडेक गेली रे. डाव्या कडेक."

दाजींना घाम फुटला, पण सैनिक मोर्चा सोडत नाही. त्यांनी पुन्हा डावीकडेच फिरवली आणि गोळी झाडली. ह्या वेळी कायतानने कागदभर भोक शोधलं. टेलिस्कोप त्याने हळूच डावीकडे वळवला.

"बरोबर मधी बसली," तो म्हणाला. "पण सुभेदाराच्या कागदावर."

पंचांनी दोन्ही कागद पाहिले. सुभेदारांच्या कागदावर एक भोक जास्त होतं, पण कोणतं कोणाचं हे सांगणं अशक्य. नियमाप्रमाणे चांगली भोकं सुभेदारांची धरली. सुभेदारांच्या स्वतःच्या गोळ्या यथातथाच होत्या. ते जिंकले ते दाजींच्या गोळीवर. बक्षीस घेताना त्यांनी दाजींकडे बघून सलाम ठोकला आणि दाजींना तो परत करावा लागला.

दुर्बीणच बिघडली असं दाजींनी सगळ्यांना सांगितलं. घरी उतरताना त्यांचं लक्ष कायतानच्या मनगटाकडे गेलं. डाव्या हाताला लाल दोरा होता. संध्याकाळी ते पाणंद ओलांडून गेले आणि एस्पेरांसाला मागच्या दारी गाठलं. वयनी, ह्यो दोरो कसलो, एवढंच विचारलं, आणि तिला रडू आलं. सहा महिने ती बघत होती. बुटांची अदलाबदल, घरचीच वाट चुकणं. डॉक्टरचं नाव काढलं की कायतान उठून जाई. स्पर्धेत फजिती नको म्हणून सकाळी तिने नवसाचा म्हणून लाल दोरा बांधला होता, आणि त्याला बजावलं होतं की लाल तो डावा. दाजींना कळलं तर त्यांचा जीव तुटेल म्हणून त्यांच्यापासून लपवलं होतं.

दाजी मागच्या पडवीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. दोघांनी एकाच माणसाला एकाच दिवशी सांभाळलं होतं, आणि त्यातून सुभेदाराला कप मिळाला होता.

दुसऱ्या सकाळी कायतान स्वतःच आला. दाजींच्या शेजारी बसला. मग त्याने दाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रागावू नको. काल मी बरोबर सांगत होतंय. तू उलटां फिरवत होतंस. तुका आता डावा-उजवा कळना नाय, दाजी. एकदा डॉक्टराक दाखव."

दाजींनी खूप काही गिळलं. "मी एकटो जावचंय नाय," ते म्हणाले. "तू येतंस?"

"येतंय मां," कायतान म्हणाला. "तुका एकट्याक कसो सोडू?"

कुडाळच्या डॉक्टरांना, बरोबर आलेल्या एस्पेरांसाने आधीच फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं. कायतान बिथरू नये म्हणून त्यांनी सुरुवात दाजींपासून केली. उजव्या हाताने डावा कान पकडा, असं सांगितलं. दाजींनी आयुष्यभर कवायतीतल्या दाहिने मुड आणि बायें मुड ह्यांवर पोट भरलेलं. पण इतके दिवस सगळं मनात उलटं केल्यावर आता नक्की काय उलटं आणि काय सुलटं ह्याचा त्यांना क्षणभर बोध होईना. त्यांनी डाव्या हाताने उजवा कान पकडला.

डॉक्टरांनी एस्पेरांसाकडे पाहिलं. "फोनवर तुम्ही नक्की कोणाबद्दल बोलत होतात?"

मग त्यांनी कायतानलाही तपासलं, बराच वेळ, गप्पा मारत मारत. नंतर दाजींना बाहेर बोलावून सांगितलं की आजाराची सुरुवात झालेली आहे, औषधांनी वेग कमी होईल, पण वाट एकाच दिशेची आहे. दाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ऐकत राहिले. आत आले तेव्हा कायतान खुर्चीच्या टोकावर वाट बघत बसला होता.

"काय म्हणालो डॉक्टर? बरा होतला मां तुका?"

"हळूहळू," दाजी म्हणाले.

"मगे भियां नको," कायतान म्हणाला. "डावा खंय, उजवा खंय, ता मी सांगतलंय तुका."