द्वारकाकाकीची जपानी बाय

द्वारकाकाकी टीव्हीसमोर बसली की आधी डोक्यावर पदर घ्यायची. पडद्यावरची माणसं मोठ्या घरची, आणि आपण त्यांना दिसतो असा तिचा पक्का समज होता. ती माणसं जपानी होती. काकीला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं.

मुरबाडकडच्या आमच्या गावात केबल आली, तेव्हा तिचा मुलगा बळीराम वाशिंदच्या कारखान्यात होता. त्याने टीव्ही आणला. केबलवाल्याने कुठला तरी परदेशी चॅनेल लावून दिला होता. त्यावर रविवारी दुपारी जुन्या काळातल्या एका सरदारीणबाईंची मालिका लागायची. खाली इंग्रजी अक्षरं पळायची. मी शेजारीण आणि दहावी पास, म्हणून काकी मला वाचायला बोलवायची आणि वाचू मात्र द्यायची नाही.

"तू गप बस गो. मला समाजतंय."

सरदारीणबाईंना ती 'बाय' म्हणायची. एकदा बाय हसली आणि तिचे दात काळेभोर दिसले. काकीने मांडीवर थाप मारली. "मिशरी लावते गो ही!" बळीराम मिशरी सोड म्हणून हात धुऊन मागे लागला होता. त्या संध्याकाळी त्याला ऐकावं लागलं, "राजाच्या घरची बाय लावते, तिला नाय कोन बोलत. मलाच बोलतोस?" तिकडे लग्न झालेल्या बायका दात रंगवून घेतात, असं खाली लिहून आलं होतं. पण काकीच्या तोंडाला कोण लागणार?

तिला ती माणसं आवडायची. जमिनीवर बसतात, भात खातात, म्हातारं माणूस दिसलं की वाकतात. "आपल्यातलीच हायेत. फक्त तलवारी घिऊन जेवायला बसतात, तेवढं वाईट."

मग बायच्या मुलीला दूरच्या एका सरदाराच्या घरी द्यायचं ठरलं, आणि काकीची थट्टा बंद झाली. रविवारमागून रविवार ती टीव्हीला बजावत राहिली, "लांब देऊ नको गो बाय. सांगून ठेवते. लांब देऊ नको."

हे का, ते मला माहीत होतं. काकीची मंदा सिद्धगडाच्या पायथ्याला दिली होती. पावसाळ्यात बाळंतपणात गेली. आमच्याकडे सवाशीण गेली की माहेरचं हिरवं लुगडं नेसवून तिला पोचवतात. काकी लुगडं घेऊन निघाली, तर मधल्या ओढ्याला पूर. सासरच्यांनी वाट बघितली नाही. घरात होतं त्या पांढऱ्या कापडात सगळं उरकलं. काकी लुगडं तसंच परत घेऊन आली. त्यानंतर तिच्या तोंडून मंदाचं नाव मी ऐकलं नव्हतं.

तर त्या रविवारी बायच्या मुलीची पाठवणी होती. मुलगी बाहेर आली ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात.

काकी ताडकन उठली. "पांढरं? जितीजागती पोर, आन् पांढऱ्यात पाठवतात?"

"काकी, लग्न आहे तिचं. त्यांच्यात नवरीला पांढरंच नेसवतात."

"कोन बोलला?"

"खाली लिहिलंय."

"लिहिणाऱ्याची पोर गेली होती काय?"

काकी आत गेली, ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली ती हिरवं लुगडं घेऊन. घडीवर लुगडं पिवळं पडलं होतं.

"काकी, अगो, ती जिवंत आहे," मी म्हटलं.

"हाय ना? म्हणून तर आत्ताच नेसवते. मंदाच्या टायमाला उशीर झाला."

तिने टीव्हीवर लुगडं टाकलं. नऊवारी लुगडं ते, पडदा पार झाकला गेला. पदर जमिनीवर आला. खाली बसून काकीने निऱ्या सारख्या केल्या, टीव्हीच्या कोपऱ्यावरून हात फिरवला, मग हळदीकुंकवाची बोटं त्या हिरव्या कापडाला लावली. आत जपानी बायका काहीतरी बोलत होत्या. कोणीतरी रडत होतं. बाय असावी.

मला हसू येईल असं वाटलं होतं. रडूच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"जा गो," काकी लुगड्याला म्हणाली. "नीट जा. आई आली होती, सांग तिकडं."

मालिका संपेपर्यंत तिने लुगडं काढू दिलं नाही.