सावधानसाहेब वीज घालवतात

"वीज जाऊ दे, वादळ येऊ दे, भूकंप होऊ दे! या इमारतीत शेवटपर्यंत उभं राहणारं घर एकच, आपलं!" सावधानसाहेबांनी रविवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं.

"अहो, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो," बायको म्हणाली. "खालचे दोन मजले पडल्यावर आपण कशावर उभे राहणार?"

साहेब चहा संपवून टॉर्च तपासायला उठले.

सावधानसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कुणी जिना जरा घाईने उतरू लागला की कुठून तरी "सावधान!" अशी आरोळी यायची, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, आरोळी सुटली नाही. पूर्वी ती शेकडो कामगारांमध्ये वाटली जायची, आता ती सगळीच्या सगळी एक बायको आणि एक कॉलेजात जाणारी मुलगी यांच्या वाट्याला आली होती.

आणीबाणीची तयारी मात्र जय्यत होती हं! प्रत्येक खोलीत खुंटीला टॉर्च. एक टॉर्च चक्क फ्रिजमध्ये. का? तर वीज गेल्यावर फ्रिजमधला दिवाही जातो, मग आतलं दिसणार कसं? न्हाणीघरात पाण्याचं पिंप. दाराशी लाल पिशवी, तिच्यात दोरखंड, शिट्टी, बॅटऱ्या आणि बिस्किटं. बिस्किटं दर दोन दिवसांनी नवी आणावी लागत, कारण मुलीला अभ्यासाला बसलं की रोज आणीबाणी येत असे.

राहिली होती ती फक्त तालीम. आणि तालीम न सांगताच घ्यायची, हे साहेबांचं तत्त्व. "आपत्ती काय फोन करून येते?" ते म्हणत. कारखान्यात त्यांच्या हातात शिट्टी दिसली की कामगार पोटात दुखतंय म्हणून घरी जायचे, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि तिचं त्यांना मनातून वाईटही वाटायचं.

त्या रविवारी बायकोचं सगळं लक्ष वेगळीकडे होतं. बाई केक सुरेख करायची. आजवर ते सगळे नातेवाइकांनी फुकटात हाणले होते. आता पहिल्यांदाच बाहेरची ऑर्डर आली होती. समोरच्या रस्त्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना संध्याकाळी सहाला उघडणार होता आणि त्यांनी पाहुण्यांसाठी मोठा केक सांगितला होता. दातांच्या डॉक्टरने लोकांना केक वाटायचा, ही धंद्यातली दूरदृष्टीच म्हणायची! पण बायकोने मात्र सकाळपासून तीनदा साहित्य मोजलं होतं. हा केक जमला तर आपणही काहीतरी आहोत, असं तिचं तिलाच वाटणार होतं.

साहेब काही निर्दय नव्हते. दुपारी त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. टेबलावर केक तयार होता. 'चला, झालं हिचं काम,' असं म्हणून त्यांनी समाधानाने चारची वेळ नक्की केली. टेबलावरचा केक चवीपुरता, नमुन्याचा होता. खरा केक नुकताच ओव्हनमध्ये गेला होता, हे त्यांना कोण सांगणार? तालीम गुप्त होती ना!

चार वाजता साहेबांनी मेन स्विच खाली ओढला आणि त्याला नुसतं दाबून खटकन कुलूप लावलं. हेही कारखान्यातलंच. मशीन दुरुस्त करताना मेन स्विचला कुलूप घालतात, म्हणजे आतला माणूस कामात असताना बाहेरचा शहाणा वीज चालू करत नाही. किल्ली कुलूप लावणाऱ्याच्याच खिशात. दुसरी किल्ली ठेवायची नाही! दुसरी होती ती साहेबांनी तत्त्वासाठी केव्हाच मोडून टाकली होती.

मग त्यांनी शिट्टी फुंकली.

"वीज गेली! सगळ्यांनी टॉर्च घेऊन दाराशी या! धावू नका! सावधान!"

"अहो!" स्वयंपाकघरातून किंकाळी आली. "ओव्हन बंद पडला! माझा केक आत आहे!"

"केक तर टेबलावर आहे."

"तो नमुना! खरा आत आहे, अर्धा कच्चा! लावा, लावा आधी वीज!"

साहेबांनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग शर्टाला खिसा नसतानाही छाती चाचपून पाहिली.

"काय झालं?"

"किल्ली... म्हणजे, किल्ली पँटमध्ये आहे."

"मग काढा की!"

"या पँटमध्ये नाही. मघाशी पिंप भरताना भिजली ना, त्या पँटमध्ये."

बायको मटकन स्टुलावर बसली. "ती मी धुवायला टाकली."

तिघंही वॉशिंग मशीनकडे धावले. धावू नका म्हणणारे साहेब सर्वांत पुढे! मशीन निम्म्या धुण्यात थांबलं होतं. गोल काचेला चिकटून साहेबांची पँट त्यांच्याकडेच बघत होती. साहेबांनी दार ओढलं. दार ढिम्म.

"वीज आल्याशिवाय ते उघडत नाही, बाबा," मुलगी म्हणाली.

"मग वीज लावू."

"त्याला किल्ली लागेल."

"मग किल्ली काढू."

"त्याला दार उघडावं लागेल."

साहेबांनी थोडा विचार केला आणि त्यांना घाम फुटला.

त्यांनी कुलपावर करवत चालवून पाहिली. करवतीचे दात गेले, कुलपाला ओरखडा नाही! "माल अस्सल आहे," असं त्यांच्या तोंडून गेलं, आणि बायकोने ज्या नजरेने पाहिलं त्यावरून हे बोलायला नको होतं हे त्यांना कळलं. तेवढ्यात मुलीने मशीनवाल्याला फोन लावला.

"खालचं छोटं झाकण उघडा," फोनमधून आवाज आला. "आत एक दोरी आहे. ती ओढली की दार उघडतं. पण आधी..."

साहेबांनी ओढली.

"...आधी आतलं पाणी काढून घ्या," आवाजाने वाक्य पुरं केलं.

दार उघडलं आणि साबणाचं पाणी धबाबा बाहेर आलं. त्याच्यामागून चादरी, मोजे आणि ती पँट. पाणी बोळातून थेट मेन स्विचच्या खाली जाऊन साचलं. दाराशी ठेवलेली लाल पिशवी तरंगायला लागली.

"बाबा, पुराची तालीमसुद्धा आजच होती का?"

पण किल्ली सापडली! साहेब ती उंच धरून मेन स्विचकडे निघाले आणि पाण्याच्या काठाशी थबकले.

"आता काय?" बायकोने विचारलं.

"ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी स्विचला हात लावायचा नाही," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले. "पूर्ण कोरडं होऊ द्यावं लागतं."

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि ओव्हनच्या काचेतून फ्रिजमधल्या टॉर्चने केककडे पाहत बसली. केक मधोमध खचत चालला होता. तिचे डोळे भरून आले होते. साहेबांना तिची फार दया आली आणि स्वतःची फार लाज वाटली.

ते घराबाहेर पडले आणि शेजारच्या दारासमोर जाऊन उभे राहिले.

शेजारी व्हायोलिनमास्तर राहत होते. दोनच दिवसांपूर्वी साहेबांनी आगाऊपणे त्यांच्या घराची तपासणी करून, "आणीबाणीत पहिला बळी तुमचा!" असं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून अबोला होता. आता नाक मुठीत धरून जायची वेळ आली.

"मास्तर, तुमच्याकडे वीज आहे का हो?"

"आहे की," मास्तर म्हणाले. "का? बळी द्यायचाय?"

"ओव्हन हवाय. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी. चूक माझी आहे."

मास्तरांनी एकदा त्यांच्या चिंब पायांकडे पाहिलं आणि दार सताड उघडलं. "ओव्हन आहे, पण चालतो की नाही देव जाणे. मी त्यात गाण्यांच्या वह्या ठेवतो."

वह्या बाहेर आल्या, ओव्हन तापला, केक आत गेला. चौघंही त्याच्यासमोर ओळीने बसून राहिले. साहेबांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

केक भाजला गेला, पण खचलेला मधला भाग काही वर आला नाही. चार कोपरे उंच, मधे खळगा! बायकोने डोळे पुसले आणि सगळीकडे पांढरं क्रीम थापलं. बदलायला वेळच नव्हता. सहाला खोकं घेऊन साहेब पुढे, बायको मागे, असे ते दवाखान्यात पोचले. "मॅडम, केकचं जरा..." साहेबांनी सुरुवात केली. "म्हणजे त्याला मीच..."

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं आणि टाळ्याच वाजवल्या.

"अय्या! दाढ! हुबेहूब दाढ! अहो, हा मधला खळगासुद्धा! मी सांगितलंही नव्हतं, आणि तुम्ही एवढा विचार केलात?"

बायको आधी गोंधळली. मग तिने साहेबांच्या पायावर पाय दिला आणि हसून म्हणाली, "हो, दवाखान्याला साजेसं काहीतरी करावं म्हटलं."

पाहुण्यांत दातांचे आणखी तीन डॉक्टर होते. तिघांनाही अशीच दाढ हवी होती.

परत येताना बायकोचा चेहरा असा फुलला होता की साहेबांना बोलायचा धीर आला. "मी आता कानाला खडा लावला," ते म्हणाले. "पुन्हा घरात तालीम घेणार नाही."

बायको रस्त्यातच थांबली.

"वा! असं कसं? पुढच्या रविवारी पहिली दाढ द्यायचीय. केक निम्मा फुगला की मी हाक मारीन, तुम्ही लगेच मेन स्विच ओढायचा. घ्याल ना तालीम?"

सावधानसाहेबांनी जन्मभर तालमी घेतल्या होत्या. त्यांच्याकडे कुणीतरी आपणहून तालीम मागितली, ती मात्र पहिल्यांदाच.

"घेईन की!" ते म्हणाले, आणि घाईघाईने रस्ता ओलांडून आधी खचलेला केक भाजायला मास्तरांचा ओव्हन रविवारपुरता मागायला निघाले.