चिकाचा समुद्र

गेल्या वर्षी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या छंद प्रदर्शनात मोतीराम पगाऱ्यांच्या जहाजाला बक्षीस मिळालं नाही, त्याचं त्यांना काही नव्हतं. दुःख होतं ते वहीतल्या शेऱ्याचं. परीक्षक होते नेव्हीतून रिटायर झालेले सहादू निकम. त्यांनी जहाजाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि लिहिलं, ‘जहाज उत्तम. पण ते चादरीवर का उभे आहे?’

ती खरोखरच चादर होती. निळी, त्यांच्या बायकोच्या, कलाबाईंच्या ट्रंकेतली. पण शेरा कॉलनीभर झाला आणि बॉयलर विभागात चौदा वर्षं फिटर म्हणून मान मिळवलेला माणूस एका दिवसात ‘चादरवाले कॅप्टन’ झाला. कँटीनमध्ये चहा मागितला तरी कुणीतरी विचारायचं, “कॅप्टन, उशी आणू का?”

तेव्हा यंदा, म्हणजे पंच्याऐंशी सालच्या एक मेला, त्याच निकमांच्या हातून समुद्राला ‘समुद्र’ म्हणवून घ्यायचं, हा मोतीरामांचा हट्ट होता. अडचण एकच होती. त्यांनी समुद्र आयुष्यात एकदा पाहिला होता. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगेत उभे असताना, तोही अर्धा तास, माणसांच्या डोक्यांवरून. त्यात जहाज नव्हतं. त्यामुळे जहाज पुढे गेल्यावर मागच्या पाण्याचं काय होतं, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मार्चमध्ये त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं. लाट उमटायच्या आतच ते परातीसकट कडक झालं आणि कलाबाई दोन दिवस ताटलीत पीठ मळत होत्या. मग मेणबत्त्या वितळवून निळा समुद्र ओतला. तो छान जमला म्हणून गच्चीवर ठेवला, आणि नाशिकचं ऊन काय असतं ते मेणाला कळलं. गच्चीवर बुडालेलं जहाज त्याआधी कुणी पाहिलं नसावं. शेवटी फेस म्हणून कापूस चिकटवला, तर ते जहाज गादीवाल्याच्या दुकानात शिरल्यासारखं दिसायला लागलं.

“आता बास करा,” कलाबाई म्हणाल्या. “मैनाच्या सासरी येवल्याला कुरडया धाडायच्यात. माझ्या भांड्यांना हात लावू नका.”

लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीच्या कुरडया म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. कलाबाईंनी तीन दिवस गहू भिजवले, वाटले, गाळले आणि रविवारी सकाळी निम्मा चीक चुलीवर चढवला. मोतीराम दात घासत स्वयंपाकघरात आले आणि ब्रश तोंडात ठेवून तिथेच थांबले. पातेल्यात घोटलेला चीक चकाकत होता. उलथनं फिरेल तशा त्यावर घड्या उठत होत्या आणि घडीतून आरपार दिसत होतं. दादरचं पाणीसुद्धा इतकं पाण्यासारखं नव्हतं.

कलाबाई पातेलं उतरवून शेजारच्या कुसाबाईंना हाक मारायला गेल्या. सोऱ्या दाबायला दोन माणसं लागतात. त्या कुसाबाईंना घेऊन परत आल्या तेव्हा पातेलं रिकामं होतं आणि दारात फळीवर कपड्यांच्या निळीनं निळाभोर झालेला समुद्र होता. मोतीराम चमच्याच्या पाठीनं शेवटची लाट उचलत होते.

“अवो, हे काय केलं!”

“मैनाची आई, नुसतं बघ तरी.”

“काय बघू? विहीणबाईंना आता काय धाडू, जहाज?”

कुसाबाईंनी पदर तोंडाला लावला. “भाऊजी, लाट मात्र झ्याक आलीय हां,” एवढं म्हणून त्या सटकल्या, कारण पुढचं ऐकण्यासारखं नव्हतं. कलाबाईंनी त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. ताट वाढायच्या, पण ते असं आपटायच्या की आमटीत खऱ्या लाटा उठायच्या.

मोतीरामांनी समुद्र गच्चीवर उन्हात ठेवला. आता चीक वाळला की काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी तिनं सांगितलं असतं. पण विचारायचं कुणाला? घरात अबोला होता.

मंगळवारी सकाळी ते गच्चीवर गेले आणि मटकन खाली बसले. समुद्र आकसला होता. कडा पापडासारख्या वर वळल्या होत्या, त्यांनी जहाजाचं नाक उचललं होतं, आणि जहाजाच्या मागून थेट फळीच्या टोकापर्यंत बोटभर रुंद भेग गेली होती. प्रदर्शन उद्यावर आलं होतं. पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मागे कलाबाई उरलेल्या चिकाच्या कुरडयांचं वाळवण बघायला आल्या होत्या. त्यांनी समुद्राकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि दोन दिवसांचा अबोला मोडला.

“चीक वाळला का आकसतो. मला इचारायचं नाय?”

“तू बोलत नव्हतीस.”

“मग तुम्ही बोलायचं व्हतं.” त्या वाकून भेगेकडे बघत राहिल्या. “पण हे बराबर हाय की. एवढं धूड गेल्यावर पाणी फाटणारच.”

“फाटतं?”

“आमच्या दारणेत म्हैस पवायची तवा मागं बघायचं. मधी पाणी घुसळतं आन् दोन्ही बाजूंनी रेघा पसरत जात्यात, शेपटापासून पार काठापत्तर. तुम्ही कधी म्हशीमागं बघितलंच नाय का?”

बॉयलरच्या फिटरनं म्हशीमागे पाहिलं नव्हतं. कलाबाई खाली गेल्या, राखून ठेवलेल्या थोड्या चिकातला वाटीभर शिजवला, बारीक ताटली घातलेला सोऱ्या घेऊन वर आल्या आणि भेगेत पांढऱ्या तारा सोडल्या. मग जहाजाच्या दोन्ही कुशींपासून दोन तिरक्या रेघा, पुढे दाट, मागे विरळ. वीस वर्षं कुरडया घातलेला हात होता तो.

बुधवारी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये निकम आले. फळीपुढे थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. कुणीतरी ‘चादर’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

“बारा वर्षं मागच्या कठड्याला टेकून मी हेच बघत होतो,” निकम हळूच म्हणाले. “लाटेवर नाकसुद्धा बरोबर उचललंय. पगारे, हे पाणी कुणी केलं?”

मोतीरामांना एक शब्द पुरे होता. ‘मीच.’ वर्षभर तो घशाशी तयार होता. पण समोर कुसाबाईंच्या शेजारी कलाबाई उभ्या होत्या, आणि कुरडया अजून निम्म्याच झाल्या होत्या.

“लाटा आम्ही केल्या साहेब,” ते म्हणाले, “पण जहाज चालवलं ते मिसेसनी. चिकाचं आहे. कुरडईचा सोऱ्या आहे आणि दारणेतली म्हैस.”

हॉल हसला. निकम हसले नाहीत. त्यांनी वही मागवली आणि पानभर लिहीत बसले. पहिलं बक्षीस पुकारलं गेलं ते ‘सौ. कलाबाई पगारे’ या नावानं. कलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करून ते घेतलं आणि पहिलं काय विचारलं असेल, तर “ऊन हाय तवर सोडाल ना? वाळवण वर हाय,” हे.

गर्दी ओसरल्यावर मोतीरामांनी वही उघडली. समुद्राबद्दल पाऊण पान होतं. म्हशीचाही आदरानं उल्लेख होता. अगदी तळाशी, जागा उरली होती म्हणून, एक ओळ होती.

‘समुद्र अस्सल. जहाज जरा लाकडी वाटते.’