चष्मेवाल्यांच्या कादंबरीची रवानगी

ऐकणारांचे कल्याण असो, वाचणारांची नजर शाबूत राहो. बाजाराच्या वळणावरील चष्म्यांच्या दुकानाचे खावंद, राजमान्य राजश्री चष्मेवाले, वय वर्षे एकावन्न, यांणी कादंबरी लिहून पुरी केली. मग ती स्पर्धेच्या रणात उतरवावी की न उतरवावी याविषयी सहा दिवस जो तुंबळ संग्राम जाहला, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

चष्मेवाले बहुत सज्जन आणि मोठे कसबी. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगे चढवून "हे बरं दिसतं, की हे?" ऐसे पुसावे आणि गिऱ्हाइकाने तत्क्षणी निवाडा द्यावा, मात्र स्वतःस सदरा निळा घ्यावा की पांढरा, याचा निवाडा आठवडा आठवडा न व्हावा. त्यांणी काउंटरमागे बसून, दुकान रिकामे असेल तेव्हा, अकरा वर्षांत तीनशे बारा पृष्ठे सिद्ध केली. मग सोमवारी वर्तमानपत्रात फर्मान प्रकटले, की एक प्रकाशनगृह अप्रकाशित कादंबऱ्यांची स्पर्धा मांडते, जिंकेल तिचे पुस्तक करील, दोन प्रती शनिवारी सायंकाळी पाचाचे आत दाखल कराव्या.

फर्मान वाचून खाशांचे काळीज हालले आणि त्यांणी लागलीच बहाण्यांची फौज उभी केली. म्हणाले, समास तोकडे आहेत; आणि समास वाढविले. मग म्हणाले, नाव फिके आहे; आणि नाव बदलले. मग म्हणाले, परीक्षक तरणेताठे असतील, त्यांस आपले काय कळणार. त्यांचे कुटुंब मंगळवारी सकाळी कपडे वाळत घालता घालता हे सर्व ऐकत होते. त्यांणी एकाच वाक्यात अवघी फौज गारद केली.

"अहो, समास-बिमास राहू द्या. तुम्ही आक्कांना भिताय."

येथे खरा बुरूज उघडा पडला. आक्कासाहेब म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. आई गेल्यावर बारा वर्षांच्या भावास त्यांणीच लहानाचे मोठे केले. आणि कादंबरीतही एक थोरली बहीण आहे. ती तेराव्या प्रकरणी भावाच्या कवितांची वही चुलीत घालते आणि हात झटकून "आता गणित घे" म्हणते. ऐसे प्रत्यक्ष घडले होते आणि त्याविषयी उभयतांत एकोणचाळीस वर्षे चकार शब्द निघाला नव्हता. पुस्तक निघाले तर आक्का वाचणार, न निघाले तर अकरा वर्षे पाण्यात. इकडे आड तिकडे विहीर ऐसा पेच पडला.

मग बहुत मसलत होऊन असे ठरले, की बाड आधी आक्कांसच दाखवावे. चष्मेवाल्यांणी मान हलविली, ती होकाराची की अवघडल्याची हे समजेना. परंतु कुटुंबाने तो होकार मानला आणि बुधवारी बाड पिशवीत घालून स्वहस्ते पावते केले. गुरुवारी तिकडून काहीच वर्तमान नाही. खाशांणी तीन वेळा फोन उचलला, तीन वेळा ठेविला आणि एका आजोबांस भलत्याच बाईंचा चष्मा बांधून दिला.

शुक्रवारी दुपारी एक गिऱ्हाईक तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकून बसले असता आक्कासाहेब दाखल जाहल्या आणि बाड काउंटरवर ठेवून उभ्या राहिल्या.

"तेराव्यातली ती मीच ना?"

"हो, आक्का."

"घातली मी वही चुलीत. वाईट होत्या रे कविता. बारा पानांत अठ्ठावीस चंद्र!" मग आवाज उतरला. "पण वाईट असल्या तरी तुझ्या होत्या. चुकलं माझं. हे कधीच म्हणायला हवं होतं."

खाशांचे डोळे भरून आले आणि भर दुकानात शेकडो चष्मे असता त्यांस समोरचे दिसेना.

"मग... ते प्रकरण काढू का?"

"काढलंस तर याद राख! बाकी सगळी तू जपून जपून लिहिलीयस. तेवढंच मन लावून लिहिलंयस. आणि वेलांट्या सुधारल्यात मी, तेवढ्या बघून घे."

"मी हनुवटी उचलू का आता?" गिऱ्हाइकाने अर्ज गुदरला, तो मंजूर जाहला.

शनिवारी पाचास वीस मिनिटे कमी असता चष्मेवाले दोन्ही प्रतींचे बाड घेऊन कुटुंबासह प्रकाशनगृही पोहोचले. तेथील कारकुनाने बाडाकडे न पाहता शिक्का मारला, एकशे सेहेचाळीस क्रमांकाची पावती दिली आणि बाड कमरेइतक्या ढिगावर टाकिले. खाशांणी जिन्यातूनच आक्कासाहेबांस फोन केला.

"दिली गं."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज, आणि हुकूम: "पावती नीट ठेव. तुला सवय आहे हरवायची."

निकाल तीन महिन्यांनी लागेल. जय-पराजय परीक्षकांचे हाती. परंतु दफ्तरी नोंद व्हावी ती ऐशी, की चष्मेवाल्यांणी आक्कासाहेबांस भ्यायचे सोडले नाही, आणि भीत भीतच कादंबरी दाखल केली. मोहीम फत्ते जाहली. घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.