उणे बावीस वारा

भांडुपच्या रंगाच्या कारखान्याचा धूर नाहूरच्या भिकाजी चाळीत येतो, अशी एकशे बेचाळीस कुटुंबांची तक्रार १९८६च्या मार्च महिन्यात शासनाकडे गेली आणि शासनाने ती गांभीर्याने घेतली. चाळीची वाट लागायला सुरुवात झाली ती इथून.

तोवर धूर यायचा, पण त्यालाही एक शिस्त होती. कारखान्यात ज्या रंगाचं काम चालू असेल त्या रंगाची बारीक पूड दुपारनंतर चाळीवर येऊन बसे. सोमवारी निळी, गुरुवारी गुलाबी. बायका वार बघून कपडे वाळत घालत. त्या वर्षी मात्र खोकला घरोघरी मुक्कामाला आला. आणि सुगंधा राऊळने सकाळी पांढरे वाळत घातलेले पोह्याचे पापड संध्याकाळी हिरवे होऊन घरात आले, तेव्हा तिने पदर खोचला आणि सगळ्या चाळीच्या सह्या नि अंगठे गोळा केले.

सुगंधाचा नवरा काशीराम पूर्वी लालबागच्या एका गिरणीत होता. सूत तुटू नये म्हणून खात्यातल्या हवेचा दमटपणा मोजून ठेवायचा, हे त्याचं काम. संपात गिरणी गेली, पण हवा मोजण्याचा अनुभव उरला. त्या जोरावर तो मुलुंडच्या उपनगरीय वायुमापन कार्यालयात सहायक म्हणून लागला होता. कार्यालय दोन खोल्यांचं. त्यात सात टेबलं, वाऱ्याची दिशा दाखवणारा एक वातकुक्कुट आणि मुख्य अधिकारी श्रीमती नलिनी धारप. धारपबाई सरळ मार्गाच्या. कुणाचा चहासुद्धा घेत नसत. त्यांचा विश्वास फक्त कागदावर होता, आणि कागदानेही त्यांना कधी दगा दिला नव्हता.

चाळीची तक्रार याच कार्यालयात आली. धूर खरोखर चाळीकडे जातो की नाही हे ठरवायचं, तर आधी वारा कुठून कुठे जातो ते ठरवायला हवं. वातकुक्कुट गंजून तीन वर्षं ठाण्याकडे तोंड करून उभा होता. म्हणून वरून एक परदेशी यंत्र मंजूर झालं. त्याचं नाव लायडार. ते डोळ्यांना न दिसणारा लेझरचा किरण हवेत सोडी. किरण हवेतल्या धुळीच्या कणांवर आपटून परत येई आणि कण कुठे, किती वेगाने चाललेत त्यावरून वारा कळे. यंत्राबरोबर आलेला परदेशी तंत्रज्ञ त्याच्या देशात धूळ पुरत नाही म्हणून कुरकुरत असे. त्याने लाल बहादूर शास्त्री मार्गावर पाच मिनिटं यंत्र चालवलं आणि आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान त्याने तसं सांगितलं.

यंत्र एका निळ्या बंद ट्रकवर बसवलं होतं, म्हणजे गावोगावचा वारा जागेवर जाऊन मोजता यावा. टायपिस्टने पत्रकात लायडारचा 'लीडर' केल्यामुळे पहिल्या दिवशी चार कार्यकर्ते हार घेऊन आले होते. हार वाया जाऊ नये म्हणून तो किरण चहूकडे वळवणाऱ्या टपावरच्या फिरत्या आरशाला घातला.

आता गाडी चालती असली की एक अडचण येते. सायकलवाल्याला समोरून जो वारा लागतो त्यातला बराचसा त्याचा स्वतःचाच असतो. तसंच ट्रकचं. म्हणून मोजलेल्या वाऱ्यातून गाडीचा वेग वजा करावा लागतो. तो आपोआप वजा करणारी पेटी यंत्राबरोबर यायची होती. ती बंदरात अडकली. तेव्हा मुख्यालयाच्या गती कक्षाने परिपत्रक काढलं: पेटी येईपर्यंत गाडीचा वेग ताशी तीस किलोमीटर समजावा आणि तेवढा वजा करावा.

ड्रायव्हर खंडू साळवे हा काशीरामचा दोस्त. त्याने मुलुंडहून दक्षिणेला नाहूरकडे ट्रक हाणला आणि दुसऱ्याच खड्ड्यात टपावरचा आरसा निखळला. आरसा बसवून झाल्यावर मुख्यालयाच्या आरसा कक्षाने दुसरं परिपत्रक काढलं: मापन चालू असताना फिरती गाडी कोणत्याही परिस्थितीत फिरवू नये.

"म्हणजे गाडी उभीच ठेवायची?" काशीरामने विचारलं.

"अर्थात," धारपबाई म्हणाल्या.

"मग ते तीस वजा करायचे नाहीत ना?"

"पहिलं परिपत्रक रद्द झाल्याचं पत्र आलंय का?"

"नाही."

"मग करायचे."

एप्रिलच्या पहिल्या दुपारी ट्रक चाळीसमोर रस्त्याच्या कडेला, तोंड दक्षिणेकडे करून उभा राहिला. दक्षिणेला कारखाना, उत्तरेला चाळ, मधून वारा. यंत्राने कागद बाहेर टाकला: वारा समोरून, दक्षिणेकडून, ताशी आठ. काशीरामने नियमाप्रमाणे तीस वजा केले. आले उणे बावीस. त्याने दोनदा पुन्हा वजा करून बघितलं. नंतर कागद घेऊन तो मुलुंडला गेला.

"मॅडम, वारा उणे आलाय."

धारपबाईंनी चष्मा लावला. "दक्षिणेकडून उणे बावीस म्हणजे उत्तरेकडून अधिक बावीस. साधं गणित आहे, राऊळ. वारा चाळीकडून कारखान्याकडे वाहतो."

"पण मी तिथे उभा होतो मॅडम. धूर माझ्या तोंडावर येत होता."

"तुमच्या तोंडाचं प्रमाणीकरण झालेलं नाही. सही करा."

काशीरामने सही केली. दिवसाला चार नोंदी, चार सह्या. आकडे थोडे इकडेतिकडे होत, पण सरासरी उणे बावीसच्या आसपास राही. एप्रिलअखेर चाळीला उत्तर आलं. अत्याधुनिक उपकरणाने केलेल्या पाहणीनुसार आपल्या वस्तीकडे धूर येणे वाऱ्याच्या दृष्टीने अशक्य असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

त्या संध्याकाळी काशीरामला घरात चहा मिळाला नाही. सुगंधा खोकत होती. खोकला थांबल्यावर तिने उत्तराचा कागद त्याच्यापुढे धरला.

"अवो, ह्यो तुमच्याच हापिसातलो ना?"

"हो."

"खाली ही सय कोणाची?"

काशीरामने कागद पालथा करून ठेवला.

"माका खोकलो येता तो पण उणेच असात मग," ती म्हणाली आणि खिडकी लावायला उठली. तो गुरुवार होता. तिच्या केसांवर गुलाबी पूड बसली होती. काशीरामला वाटलं ती झटकावी, पण त्याचा हात उठला नाही.

इथपर्यंत प्रकरण मिटलं असतं. पण उत्तराची प्रत नियमानुसार कारखान्यालाही गेली. कारखान्याच्या मॅनेजरने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याला आपल्यावर होत असलेल्या अन्यायाची जाणीव झाली. ताशी बावीस किलोमीटर वेगाने जर चाळीकडून कारखान्याकडे वारा येतो, तर एकशे बेचाळीस स्टोव्हांचा धूर आणि तळलेल्या बोंबलांचा वास जातो कुठे? गेली दोन वर्षं पिवळा रंग मनासारखा उतरत नव्हता. त्याचं कारण आता सरकारी शिक्क्यासह सापडलं. कारखान्याने चाळीविरुद्ध तक्रार केली.

मे महिन्यात चाळीला नोटीस आली. चाळीने एक तर शंभर फूट उंचीचं धुराडं बांधावं, नाही तर तळण बंद करावं. भाजायला हरकत नव्हती, पण आच मंद हवी.

चाळ खवळली. प्रत्यक्ष पाहणीची मागणी झाली आणि धारपबाई स्वतः आल्या. पांढरी सुती साडी, हातात फाईल. सुगंधाने त्यांना गॅलरीत खुर्ची दिली आणि ती समोर उभी राहिली. दुपारचे तीन वाजले होते. भांडुपच्या बाजूने एक भला मोठा गुलाबी ढग निघाला आणि शांतपणे येऊन चाळीवर बसला.

बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"कुणाकडे कांदा कापताय का?" त्यांनी रुमाल शोधत विचारलं.

"चार दिवस झाले, कांदो नाय घरात," सुगंधा म्हणाली. "बाई, तुमच्या साडीकडे बघा."

पदरावर, निऱ्यांवर, फाईलीवर गुलाबी पूड बसली होती. धारपबाईंनी साडीकडे बघितलं. नंतर फाईल उघडून वाऱ्याचा आकडा बघितला. पुन्हा साडीकडे बघितलं. चाळ श्वास रोखून उभी होती, तसाही तो घेण्यासारखा नव्हता.

"ही साडी आधीपासून अशीच आहे," त्या शेवटी म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

त्या रात्री काशीरामला झोप लागली नाही. सकाळी कार्यालयात जाऊन त्याने टिपण लिहिलं: मापनाच्या वेळी गाडी उभी असते, वेग शून्य असतो, सबब तीस वजा करणे चूक आहे. टिपणाला दोन दिवसांत उत्तर आलं. एवढ्या तातडीने त्या कार्यालयात यापूर्वी काही झालं नव्हतं. गाडी उभी होती असे आपले म्हणणे असल्यास वेगाच्या रकान्यात 'तीस' लिहून आपण दोनशे बारा खोट्या नोंदी का केल्या, याचा खुलासा करावा. गाडी चालती होती असे म्हणणे असल्यास वारा बरोबर आहे, हे मान्य करावे.

त्याने कागद खंडूला दाखवला.

"वाट लागली रे तुझी," खंडू म्हणाला. "उभी म्हटलं तरी मेलास, चालती म्हटलं तरी मेलास."

"यार खंडू, एकदा खरंच चालवू या ना."

"काय?"

"तीसने. अगदी तीसने. मग तीस वजा केले तर जे उरेल ते खरं असेल. परिपत्रकही पाळलं जाईल."

"आणि ते दुसरं? फिरवू नये वालं?"

"ते मोडेल."

खंडूने विडी विझवली. त्याची म्हातारी आई भांडुपला कारखान्याच्या मागेच राहायची. "एक तरी मोडायलाच पाहिजे साला," तो म्हणाला.

रविवारी पहाटे रस्ता रिकामा असतो, पण कारखाना तेव्हा बंद. म्हणून त्यांनी शनिवारची दुपार धरली. काशीरामने टपावर चढून आरसा चार बाजूंनी सुगंधाच्या जुन्या लुगड्याने करकचून बांधला, किरण जाण्यापुरती जागा सोडून. कोणते खड्डे कुठे आहेत ते खंडूला पाठ होतं. ट्रक दक्षिणेकडे निघाला. वेगाचा काटा तिसावर आला आणि खंडूने तो तिथे असा धरून ठेवला, जसा काही हातात भरलेला तांब्या आहे. एक म्हैस आडवी आली, तिलाही त्याने वेग न बदलता वळसा घातला. मागे काशीराम यंत्राला मिठी मारून बसला होता. चाळीसमोरून जाताना त्याला गॅलरीत सुगंधा दिसली. ती हात वर करून काही तरी ओरडत होती, पण ते ऐकू आलं नाही.

कागद बाहेर आला: समोरून अडतीस.

अडतीस वजा तीस. दक्षिणेकडून आठ. कारखान्याकडून चाळीकडे. काशीरामने तो आकडा मोठ्याने वाचला आणि ट्रकमध्ये एकटाच हसत सुटला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याने ताठ मानेने सही केली.

सोमवारी धारपबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. दार लोटून घेतलं.

"राऊळ, हे बरोबर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते मला गॅलरीतच कळलं होतं. ती साडी अजून गुलाबी आहे."

"मग मॅडम?"

"मग काय? दोनशे बारा खऱ्या आणि एक खोटी म्हणायचं, तर एक सही लागते. एक खरी आणि दोनशे बारा खोट्या म्हणायचं, तर दोन कक्ष, तीन संचालक आणि एक मंत्री खोटे पडतात. आणि दोनशे बारांवर सही तुमची आहे." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मी एवढंच करू शकते की ही नोंद फाडणार नाही."

त्यांनी शब्द पाळला. नोंद तक्रारींचा निकाल लावणाऱ्या समितीकडे गेली. समितीने न्यायबुद्धीने सगळ्या दोनशे तेरा नोंदींची सरासरी काढली. ती आली उणे एकवीस पूर्णांक शहाऐंशी शतांश. चाळीकडून कारखान्याकडे जाणारा वारा मूळ बावीसपेक्षा कमी झाल्याचं समितीने समाधानाने नोंदवलं आणि त्या प्रमाणात चाळीला सवलत दिली: रविवारी अकरा ते एक या वेळेत मासे तळण्यास मुभा. फिरती गाडी विनापरवाना फिरवल्याबद्दल काशीराम आणि खंडूला लेखी ताकीद मिळाली. गती कक्षाची पेटी बंदरातून सुटली की नाही, ते कुणी विचारलं नाही.

चाळीत मात्र आनंदीआनंद झाला. शासन झुकलं! फळ्यावर रंगीत खडूने 'चाळीच्या लढ्याला यश' असं लिहिलं गेलं, पेढे वाटले गेले, आणि पुढच्या रविवारी अकराच्या ठोक्याला एकशे एक्केचाळीस तवे चढले. राऊळांचा चढला नाही.

"तू नाही तळत?" काशीरामने विचारलं.

"अवो," सुगंधा खोकला आवरत म्हणाली, "आपण अर्जात मागला काय होता?"

तिने हा प्रश्न शेजारीही विचारला. शेजारच्यांनी आठवून बघितलं. कुणालाच चटकन सांगता आलं नाही. बोंबील झकास झाले होते.

ही हकिगत सांगितली की अंधेरी-बोरिवलीकडची शिकलेली माणसं पोट धरून हसतात. काय भोळी चाळ, म्हणतात. मग सकाळचा पेपर उघडतात, शहरातली हवा समाधानकारक असल्याची बातमी वाचून मान डोलावतात आणि खोकत खोकत उठून खिडकी लावून घेतात.

तुमची लावलेली आहे ना?