गच्चीवरचं हिरवं पीक

आमच्या शेजारचे कोठावदे सर सकाळी कुणाला नमस्कार करत नसत. गच्चीच्या कठड्यावरून वाकून विचारत, "तुमच्याकडे ऊन पडलं का हो?" दोन घरांत भिंत एकच. ऊन वेगळं कुठून पडणार? पण आभाळाबद्दलही त्यांना दुसऱ्याचं मत लागायचं.

सर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्यांत त्यांनी स्पिरुलिना वाढवलं होतं. शेवाळासारखा हिरवा सूक्ष्मजीव. वाळवला की प्रथिनांनी भरलेली पूड. थोडं पाणी, थोडी जागा, आणि सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांतल्या कुपोषित पोरांच्या अंगात ताकद, हे त्यांचं स्वप्न. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत पहिला कॉम्प्युटर आला तो या टाक्यांसाठी. ऊन, पाण्याचं तापमान, हवा असं सगळं भरलं की उद्या पीक किती निघेल ते तो सांगायचा. उत्तर जुळलं की सरांची सटाण्याची बोली बाहेर पडे, "बराबर शे!" चुकलं तर दोष उन्हाचा. एकदा बोलता बोलता त्यांनी थर्मामीटर माझ्या चहात बुडवला आणि गंभीरपणे म्हणाले, "हे टाकीला मानवणार नाही."

पूड खायचं काम माईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं. रोज दुपारी हिरवं थालीपीठ. सर ताटाचं वजन करून समोर बसत, पण स्वतः घास घेत नसत. "मोजणाऱ्यानं खायचं नसतं, आकडे बिघडतात."

शेवटी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, लाडवांत पूड घालून सर सुरगाण्याच्या एका आश्रमशाळेत गेले. डबे धरायला मी. पोरांनी घास घेतला आणि थुंकून टाकला.

"वास येतो, सर," एक मुलगी भीत भीत म्हणाली.

सरांनी लाडू उचलला, पहिल्यांदाच चाखला आणि कसाबसा गिळला. "चव धरायची राहिलीच हो हिशेबात," एवढंच म्हणाले.

घरी डबे उतरवले. माई पाणी घेऊन आल्या.

"असलं तू रोज कसं खाल्लंस?" सरांनी विचारलं.

"गिळायचे."

"मग बोलली का नाहीस?"

माझ्याकडे बघून माई जरा संकोचल्या. "वजन करायला का होईना, तेवढा वेळ तुम्ही गच्चीवरून खाली यायचात."



त्या आठवड्यात टाक्या रिकाम्या झाल्या. सर रोज दुपारी माईंबरोबर साधा वरणभात जेवू लागले. पण माई आधीच थकल्या होत्या. फार दिवस राहिल्या नाहीत.

त्यानंतर एकदा दुपारी सहज डोकावलो. सर ताट वाढून एकटेच बसले होते. मी जेवून आलोय म्हटल्यावर त्यांनी पायानं समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"जेवू नका," म्हणाले. "नुसते बसा."